१ ऑगस्टपासून क्रेटम बंद. आता?

निमूट | १४ जुलै २०२५, रात्री ११:४०

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. विषय असा आहे की नवरा सोडून कोणाशी बोललेले नाही.

आम्ही अमेरिकेत, लुईझियाना राज्यात राहतो. २०२१ मध्ये माझं मणक्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर सात-आठ महिने ऑक्सिकोडोन (अफूच्या वर्गातली वेदनाशामक गोळी) चालू होतं. मग एका भेटीत डॉक्टरांनी सांगितलं की या गोळ्या आता पुढे लिहून देता येणार नाहीत, आणि चार आठवड्यांत बंद केल्या. दुखणं काही बंद झालं नाही. कामावरच्या एका बाईने क्रेटम सुचवलं. हिरवट पूड, वास मेंदीसारखा, चव अशी की तिच्यापुढे किराइताचा काढा गोड लागावा.

सकाळी निघताना एकदा आणि दुपारी एकदा. तीन वर्षं झाली. उभं राहून काम करता येतं, जिना चढता येतो. नशा वगैरे म्हणतात तसलं मला कधी जाणवलं नाही. पण खोटं कशाला बोलू, दोनदा सोडून बघितलं आणि दोन्ही वेळा तिसऱ्या रात्री हरले. पाय स्वस्थ राहत नाहीत, नाक गळतं, अंगावर काटा येतो, झोपेचं नाव नाही. म्हणजे सवय लागलेली आहे हे मला कळतं.

आता इथल्या विधिमंडळाने बंदी केली आहे. १ ऑगस्टपासून नुसतं विकणंच नाही, जवळ बाळगणंही गुन्हा. वरच्या फळीवर डब्यांच्या मागे अर्धं पाकीट आहे. आज ते वजनकाट्यावर ठेवलं, २१० ग्रॅम भरलं. कालपर्यंत ती पूड होती, अठरा दिवसांनी मुद्देमाल.

एकदम सोडावं की हळूहळू? डॉक्टरांना सांगावं का? एकदा रेकॉर्डवर "व्यसन" असा शब्द चिकटला की पुढे दात काढला तरी वेदनाशामक देताना दहा प्रश्न विचारतील अशी धास्ती वाटते. आणि पलीकडे टेक्सासात तेच पाकीट उघड विकत मिळतं, हे गणित मला कोणीतरी समजावून सांगा.

---

शंकासुर | १५ जुलै, सकाळी ७:१२

राग मानू नका, पण सरकारने बंदी घातली ती काहीतरी बघूनच ना? तुम्हीच लिहिताय की सोडता येत नाही. मग औषध आणि व्यसन यात फरक काय राहिला? एफडीएची, म्हणजे इथल्या अन्न-औषध प्रशासनाची, मान्यता नाही, डॉक्टरने दिलेलं नाही, कामावरच्या बाईने सांगितलं म्हणून तीन वर्षं पाला खायचा. हे आपल्याकडच्या सुशिक्षित माणसांनी करावं?

---

फार्मा_मावशी | १५ जुलै, सकाळी ९:०५

शंकासुर, शंका रास्त आहे, सूर चुकला.

निमूट, मी फार्मासिस्ट आहे, पण तुमची फार्मासिस्ट नाही, त्यामुळे हे माहिती म्हणून वाचा.

क्रेटम म्हणजे मिट्राजायना स्पेसिओसा, कॉफीच्या कुळातलं झाड. पानातला मुख्य पदार्थ मिट्राजायनीन. मॉर्फिन मेंदूतल्या ज्या कुलपांना लागतं त्याच कुलपांना हाही लागतो, पण किल्ली अर्धीच फिरते. थोड्या मात्रेत तरतरी, जास्त मात्रेत गुंगी आणि वेदना कमी. अर्धी किल्ली म्हणून धोका कमी, पण सवय लागायला अर्धी किल्लीही पुरते. तुम्ही वर्णन केलेली तिसरी रात्र त्याचीच.

एकदम सोडू नका, आणि डॉक्टरांना सांगाच. मिट्राजायनीन यकृतातलं सीवायपी२डी६ नावाचं एंझाइम अडवून धरतं. नैराश्यावरच्या, रक्तदाबावरच्या बऱ्याच गोळ्यांचा निचरा त्याच वाटेने होतो. म्हणजे गोळी नेहमीचीच आणि रक्तात मात्रा भलतीच. माझ्या काउंटरवरचं सॉफ्टवेअर दोन औषधांची भांडणं लगेच दाखवतं, पण तुम्ही गॅस स्टेशनवरून आणलेली पूड त्याला कशी दिसणार? यकृताची एक रक्ततपासणीही करून घ्या.

"मी हे घेते आणि कायदा बदलतोय म्हणून सोडायचंय" एवढं सरळ सांगा. सोडताना फार त्रास झाला तर ब्युप्रेनॉर्फिन (असली सवय सोडवायला देतात ते औषध) वापरणारे डॉक्टर आहेत.

शंकासुर, "काहीतरी बघूनच" याबद्दल. सीडीसीने (इथली रोगनियंत्रणाची केंद्रीय संस्था) जुलै २०१६ ते डिसेंबर २०१७ मधले २७,३३८ ओव्हरडोस मृत्यू तपासले. त्यातल्या १५२ जणांच्या शरीरात क्रेटम सापडलं. ९१ जणांच्या बाबतीत ते मृत्यूचं एक कारण ठरवलं गेलं. क्रेटम सोडून दुसरं काहीच सापडलं नाही असे ७. बाकीच्यांच्यात फेंटानिल, हेरॉइन असलं काही ना काही होतंच. आता हा आकडा बघून कोणी म्हणतो "बघा, माणसं मेली", कोणी म्हणतो "बघा, फक्त सात". दोघेही त्याच कागदावर बोट ठेवतात.

---

गल्ल्यावरचा | १५ जुलै, रात्री १०:३०

मी अशाच एका दुकानात गल्ल्यावर असतो, गॅस स्टेशनला लागून. राज्य सांगत नाही. या मालाची आमच्या बाजूची गोष्ट सांगतो.

पाकिटावर छापलेलं असतं: "मानवी सेवनासाठी नाही." आणि आत प्लॅस्टिकचा छोटा चमचा. सेवनासाठी नाही, तर चमचा कशाला, झाडाला भरवायला? रोज कोणीतरी विचारतं, किती घ्यायचं? मालकाची सक्त ताकीद आहे की यावर एक अक्षर बोलायचं नाही. मी लेबलकडे बोट दाखवतो, लेबल म्हणतं घेऊच नका, आणि गिऱ्हाईक पैसे देऊन निघून जातं.

का ते मला एका विक्री प्रतिनिधीने समजावलं. एफडीए याला औषध मानत नाही, आहारपूरक म्हणूनही विकू देत नाही. म्हणजे मात्रा लिहिली, "पाठदुखीसाठी" असं लिहिलं, की विकणारा पकडला जाणार. म्हणून शहाणा विकणारा काहीच लिहीत नाही. थोडक्यात, नियम कडक म्हणून माहिती कमी. खोकल्याच्या बाटलीवर किती चमचे, वय किती, कशाबरोबर घेऊ नये, सगळं असतं. इथे सगळं कोरं.

आणि गेल्या वर्षापासून पुडीची पाकिटं खालच्या फळीवर गेलीत. वरती, लायटरच्या शेजारी, आता छोट्या गोळ्या असतात. त्यावर मोठा ७ चा आकडा. मंडळी त्यालाही क्रेटमच म्हणतात. पूड घेणारं गिऱ्हाईक महिन्यातून एकदा येतं. ७ वालं आधी शुक्रवारी यायचं, मग रोज, आता काही जण दिवसातून दोनदा. मी चेहरे बघतो ना.

---

उंबरठा | १६ जुलै, दुपारी १:२०

निमूट यांच्या गणिताबद्दल. मी वकील नाही, वकिलांच्या कचेरीत कागद लावते.

केंद्राने या झाडावर बंदी घातलेली नाही आणि परवानगीही दिलेली नाही, तिढा इथेच आहे. २०१४ मध्ये एफडीएने आयातीवर इशारा काढला, बंदरात माल अडवता येईल असा. मग ऑगस्ट २०१६ अखेर डीईएने (अमली पदार्थांविरुद्धची केंद्रीय संस्था) जाहीर केलं की आम्ही मिट्राजायनीन आणि ७-हायड्रॉक्सिमिट्राजायनीन (थोडक्यात ७-ओएच, त्याच पानातला दुसरा पदार्थ) तातडीने यादी क्रमांक १ मध्ये टाकतोय, म्हणजे हेरॉइनच्या पंक्तीत. त्यावर असा गदारोळ झाला की त्यांनाही अपेक्षित नसावा. १ लाख ४० हजारांवर सह्या, व्हाइट हाउससमोर मोर्चा, ५१ खासदारांचं पत्र. ऑक्टोबरमध्ये डीईएने सूचना मागे घेतली आणि लोकांचं म्हणणं मागवलं, तर २३ हजारांवर पत्रं आली. बरीचशी निमूट यांच्यासारख्यांची: ऑपरेशन, अपघात, गोळ्या, गोळ्या बंद, मग हे. पुढे २०१७ मध्ये आरोग्य खात्याने यादी १ ची शिफारस केली आणि २०१८ मध्ये स्वतःच मागे घेतली. पुरावा पुरेसा नाही म्हणून.

केंद्र असं घुटमळत राहिल्यावर राज्यांनी आपापल्या चुली मांडल्या. अलाबामा, आर्कान्सा, इंडियाना, विस्कॉन्सिन, व्हर्माँट यांनी सरळ बंदी घातली. २०१९ मध्ये युटाने वेगळी वाट काढली: विका, पण वयाची अट, तपासणी, लेबलवर घटक, भेसळ नाही. त्याच धर्तीवर पुढे बऱ्याच राज्यांनी कायदे केले, टेक्सासने २०२३ मध्ये. त्यातलं एक कलम महत्त्वाचं आहे, एकूण अल्कलॉइडांमध्ये (मिट्राजायनीनसारख्या द्रव्यांमध्ये) ७-ओएच २ टक्क्यांपेक्षा जास्त नको. मिसिसिपीत याच १ जुलैपासून २१ वर्षांची अट आली, तिथल्या काही काउंट्यांत (जिल्ह्यांत) तर आधीपासून बंदी आहे. आणि ऱ्होड आयलंड उलट्या दिशेने निघालंय, पुढच्या एप्रिलपासून बंदी उठवून परवान्याने विक्री.

म्हणजे निमूट, तुमच्या राज्याच्या एका बाजूला परवानगी, एका बाजूला बंदी, एका बाजूला काउंटी बघून. "टेक्सासला जाऊन घेऊन येते" असं मनात येत असेल तर कृपया नको. गाडी सीमेच्या या बाजूला आली की पावतीचा काही उपयोग नाही.

---

मोकळा_वारा | १६ जुलै, दुपारी २:०२

सरकारने यात पडूच नये. प्रौढ माणूस आहे, पान आहे, त्याचं तो बघेल. वाईट माल विकणारा बाजारातून आपोआप बाहेर फेकला जातो.

---

फार्मा_मावशी | १६ जुलै, दुपारी ४:४५

आपोआप? २०१८ मध्ये क्रेटमच्या पुडीतून साल्मोनेला (जुलाबाचे जंतू) पसरला. ४१ राज्यांत १९९ जण आजारी. पानं उघड्यावर सुकतात, दळतात, आणि मधे कुठेच कोणी तपासत नाही. एका कंपनीला एफडीएने माल परत घ्या म्हणून विनवलं, तिने ऐकलं नाही. शेवटी एफडीएने सक्तीने माल परत घ्यायला लावला, आणि तो अधिकार त्यांनी तसा वापरण्याची ती पहिलीच वेळ होती. दुसऱ्या वर्षी ३० नमुन्यांत शिसं आणि निकेल सापडल्याचं जाहीर केलं. रोज दोनदा, तीन वर्षं घेणाऱ्याच्या पोटात शिसं किती गेलं हे बाजार सांगणार नाही, मोकळे वारे.

पडूच नये असं म्हणू नका. कुठे पडावं यावर वाद घाला, मी येते.

---

प्रशासक | १६ जुलै, सायंकाळी ६:००

दोन प्रतिसाद उडवले आहेत. विक्रीचे दुवे, "घरपोच गुपचूप" छापाची जाहिरात इथे चालणार नाही. पुन्हा दिसल्यास सदस्यत्व जाईल.

---

दर्यावर्दी | १७ जुलै, पहाटे ३:१५

जहाजावर आहे, नेट कधी असतं कधी नसतं.

दक्षिण थायलंडच्या बंदरांत हे पान मी बघितलंय. सोंगख्लाला गोदीवरचा एक म्हातारा हमाल, ताजं पान घ्यायचा, मधली शीर नखाने ओढून काढायचा, दोरा काढावा तशी, आणि उरलेलं चघळायचा. कधी चिमूटभर मीठ. शीर का काढतोस विचारलं तर पोटाला हात लावून तोंड वाकडं केलं, पोट साफ होत नाही म्हणे. पिढ्यान्‌पिढ्या शेतमजूर, रबराचा चीक काढणारे हेच करत आलेत.

तिथे बंदी आली १९४३ साली. आरोग्य वगैरे नाही हो. तेव्हा सरकारला अफूवर कर मिळायचा, आणि लोक अफू महाग म्हणून फुकटचं पान चघळायला लागले. तिजोरीला भोक पडलं म्हणून झाडावर कायदा! आपल्या परसातलं झाड तोडा. पुढे १९७९ च्या अमली पदार्थांच्या कायद्यातही ते राहिलं. २४ ऑगस्ट २०२१ ला यादीतून काढलं. क्रेटमच्या खटल्यांतल्या बारा हजारांवर लोकांना याचा फायदा होईल असं तेव्हा सरकारने सांगितलं. त्यानंतर गेलो तेव्हा रस्त्याच्या कडेला टोपल्यांत जुड्या बांधून पानं.

सगळं गोडगोड नाही. तिथली पोरं पानाचा काढा, कोला आणि खोकल्याचं औषध एकत्र करून पितात, "फोर बाय हंड्रेड" म्हणतात. म्हणून २०२२ मध्ये वेगळा कायदा केला: अठराच्या आतल्यांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना विकायचं नाही.

आणि सीमा ओलांडून मलेशियात गेलात की तेच झाड "केतुम". तिथे १९५२ च्या विषकायद्याखाली दहा हजार रिंगिटपर्यंत दंड किंवा चार वर्षांपर्यंत कैद. झाडाला सीमा कुठे दिसते? निमूटताई, तुमचं लुईझियाना-टेक्सास तिकडेही आहे.

---

पानोपानी | १७ जुलै, सकाळी ८:३०

अवांतर: आपल्याकडचा कळंब याच झाडाचा चुलतभाऊ, मिट्राजायना पार्विफोलिया. (कदंब वेगळा, घोळ करू नका.) फुलाच्या आतला भाग बिशपच्या टोपीसारखा दिसतो म्हणून मिट्राजायना हे नाव, कोर्थाल्स नावाच्या डच वनस्पतीशास्त्रज्ञाने दिलेलं. कळंबात मिट्राजायनीन नाही, तेव्हा कोणी फांद्या तोडायला धावू नका. हलकेच घ्या.

---

अबोली_२ | १९ जुलै, रात्री १२:५०

सगळं वाचलं. पानं, फुलं, बिशपची टोपी. मला राग आलाय आणि तो लपवणार नाही.

माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा. त्याने पूड कधी घेतलीच नाही. त्याने थेट त्या ७ च्या गोळ्या घेतल्या. दुकानात सांगितलं, नैसर्गिक आहे, कॉफीच्या जातीचं. मार्चमध्ये त्याची गाडी धुवायला घेतली तेव्हा सीटखालून रिकामी पाकिटं निघाली. मी मोजायला बसले आणि चाळीसनंतर थांबले. पोरगं पगाराच्या दुसऱ्या आठवड्यात आईकडे पैसे मागत होतं ते का, हे तेव्हा कळलं. सोडवायला दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथल्या नर्सने सांगितलं, याची लक्षणं वेदनाशामक गोळ्यांवरून उतरवलेल्या पेशंटसारखीच आहेत.

मला बंदी हवी. सगळ्याची. तुमच्या पुडीसकट, निमूट. कारण ही गोळी पुडीच्या नावावर आत शिरली.

---

निमूट | १९ जुलै, सकाळी ६:१०

अबोली, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. उत्तर सुचत नाही. तुमचा भाऊ आता कसा आहे?

---

अबोली_२ | १९ जुलै, सकाळी ९:४०

बरा आहे. कामावर जातो. चावी माझ्याकडे असते.

काल जरा जास्त बोलले.

---

फार्मा_मावशी | १९ जुलै, सकाळी ११:३०

अबोली, जास्त काही बोलला नाहीत. एक गोष्ट मात्र सुटी करून सांगते.

सुक्या पानात मिट्राजायनीन साधारण एक-दोन टक्के, आणि ७-ओएच नगण्य, नखभर. पोटात गेल्यावर यकृत थोड्या मिट्राजायनीनचं ७-ओएच करतं, तेही हळूहळू. तुमच्या भावाच्या गोळीत ते कारखान्यात रसायनाने तयार करून घातलेलं असतं. त्या कुलपांवर ७-ओएचची पकड मिट्राजायनीनपेक्षा कितीतरी घट्ट. उसाचा रस आणि रम दोन्ही उसाचेच, पण लेबलवर "ऊस" एवढंच लिहून कोणी रम विकली तर?

---

शंकासुर | १९ जुलै, दुपारी १२:१५

मावशी, उदाहरण पटलं. मग माझी पुढची शंका. रम बंद करायला ऊस का उपटायचा?

---

उंबरठा | १९ जुलै, दुपारी १:००

कारण उपटणं सोपं. दोन टक्क्यांची अट घातली की कोणीतरी नमुने उचलायला हवेत, प्रयोगशाळा हवी, निरीक्षक हवा, त्याला पगार हवा. बंदीला एक ओळ पुरते. चेक प्रजासत्ताकात हा माल यंत्रात नाणी टाकून मिळायचा. त्यांनी बंदी न घालता यंत्रं बंद केली, आता परवाना आणि अठरा वर्षांची अट आहे. जमतं, पण खातं उभं करावं लागतं.

---

निमूट | २२ जुलै, रात्री ९:२०

आज गेले डॉक्टरांकडे. नवराही बरोबर आला.

सांगितलं. डॉक्टर थोडा वेळ गप्प. मग संगणकाकडे वळून त्यांनी मला स्पेलिंग विचारलं. के की सी? मी सांगितलं, के. माझ्यासमोरच वाचलं, आणि म्हणाले की माझ्याकडे असे अजून किती पेशंट असतील याचा मी विचारच केला नव्हता. ओरडले नाहीत. रक्त काढलं. दर तीन दिवसांनी थोडं थोडं कमी करायचं असं ठरलं. दहा दिवसांत शून्यावर येणं अवघड आहे असंही स्पष्टच म्हणाले. कायद्याने माझ्या शरीराचं वेळापत्रक विचारात घेतलेलं नाही.

"व्यसन" शब्द लिहिलात का, हेही विचारलं. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "अवलंबित्व" असं काहीसं होतं. बरं की वाईट ते कळलं नाही.

---

उंबरठा | २९ जुलै, सायंकाळी ७:४०

बातमी. एफडीएने आज ७-ओएचला नियंत्रित पदार्थांच्या यादीत टाकण्याची शिफारस केली. आणि आमचा रोख पानावर नाही असंही सांगितलं. आता डीईए मसुदा काढेल, लोकांचं म्हणणं घेईल, मग निर्णय. वेळ लागेल.

निमूट, तुमच्या १ ऑगस्टला याने काही फरक पडत नाही. राज्याचा कायदा राज्याचा.

---

गल्ल्यावरचा | ३० जुलै, रात्री ११:०५

आमच्याकडे बातमी सकाळीच पोचली होती. दुपारी वितरकाचा माणूस आला. ७ वाल्या गोळ्या परत नेल्या नाहीत, उलट स्वस्तात दिल्या. आणि नवीन डबी दाखवली. डबीवर ७ नाही, "स्यूडो" असं काहीतरी. म्हणतो, यादीत हे नाव नाही. रंग तोच, डबी तीच, आकडा तेवढा खोडलाय.

मालकाने ठेवून घेतली. मी काल वीस-एक वर्षांच्या पोराला ओळखपत्र मागितलं तर तो हसला, म्हणाला कायद्यात आहे का? आमच्या राज्यात नाही. मग मी कोण मागणारा?

---

मोकळा_वारा | ३० जुलै, रात्री ११:५०

ठीक आहे, इथे मी थोडा मागे सरकतो. थोडाच.

---

निमूट | ३१ जुलै, रात्री १०:१५

शेवटचे ८४ ग्रॅम उरले होते. डॉक्टरांच्या कागदाप्रमाणे अजून दोन आठवडे पुरले असते. नवरा म्हणाला, ठेव, कोण बघायला येतंय? पण मी गाडी चालवते, कामावर बॅगा तपासतात, आणि मला रोज सकाळी घाबरून उठायचं नाही.

फार्मसीच्या पत्रकात लिहिलेलं असतं तसं वापरलेल्या कॉफीच्या चोथ्यात कालवून पिशवीत बांधलं आणि कचऱ्यात टाकलं. कॉफीच्याच कुळातलं ना, मावशी. हात धुतले तरी हिरवं राहिलंय नखात.

---

फार्मा_मावशी | ३१ जुलै, रात्री १०:४०

उद्या आणि परवा बरं असेल. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन करा, चौथ्याची वाट बघू नका. आणि आता मधेच कुठून मिळालं तर आधीच्या मात्रेत घेऊ नका.

---

निमूट | २७ ऑगस्ट, रात्री ८:५०

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून लिहिते.

तिसऱ्या रात्री फोन केला. ब्युप्रेनॉर्फिन सुरू झालं, अगदी कमी मात्रेत. पाय शांत झाले, झोप लागते. दर दोन आठवड्यांनी क्लिनिकला जायचं, बाटलीत लघवी करून द्यायची, एक मुलगी दाराबाहेर उभी असते. अपघात होऊन ऑपरेशन झालेली बाई आणि मी, आम्ही दोघी त्या रांगेत एकमेकींकडे न बघता उभ्या असतो.

गंमत बघा. पानाच्या आधी गोळी होती, पान बंद झाल्यावर पुन्हा गोळीच. फरक इतकाच की ही लिहून दिलेली आहे, तिच्यावर मात्रा छापलेली आहे, आणि मावशींच्या सॉफ्टवेअरला ती दिसते. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. त्या छापलेल्या ओळीचा मला खरंच आधार वाटतो. तीन वर्षं मी चमचा डोळ्यासमोर धरून अंदाज करत होते.

दुखणं दुपारी परत येतं. सहा तासांऐवजी आता चार तास काम करते.

---

शंकासुर | २७ ऑगस्ट, रात्री ९:३०

निमूट, पहिल्या प्रतिसादात "पाला खायचा" लिहिलं होतं. ते मागे घेतो. बंदी चूक असं अजून म्हणणार नाही, पण मुदत देताना सोबत एक फोन नंबर तरी द्यायला हवा होता सरकारने.

---

अबोली_२ | २८ ऑगस्ट, सकाळी ७:२५

फ्लोरिडाने १३ तारखेला ७-ओएचवर तातडीने बंदी आणली, पान ठेवलं. भावाला वाचून दाखवलं. म्हणाला, एक वर्ष आधी करायला काय झालं होतं.

गाडीची चावी परवा त्याला परत दिली.

---

साधा_सदस्य_८८ | २८ ऑगस्ट, रात्री ११:१५

आजच खातं उघडलं. धागा शोधून शोधून सापडला. मी आर्कान्सात आहे, इथे तर कधीपासून बंदी आहे, तरी मी घेतो. कसं मिळतं ते लिहीत नाही. पाकिटावर नाव नसतं, काहीच नसतं. सोडायचंय. डॉक्टरला सांगितलं तर पोलिसांत कळवतील का? निमूटताई, तुम्ही पहिलं वाक्य नेमकं काय बोललात?

---

निमूट | २८ ऑगस्ट, रात्री ११:२२

जागी आहे. व्यक्तिगत निरोप पाठवते.